शेल्टरमध्ये राहणाऱ्या टीनएजर पोट्ट्यांना मदत करायचीय? नागपुरातल्या नवीन लोकांसाठी स्टेप बाय स्टेप

मी चौदा वर्षांची होते तेव्हा आई, मी आणि माझा अकरा वर्षांचा भाऊ रात्री साडेदहाला नागपुरातल्या एका आश्रयगृहाच्या गेटपाशी ऑटोतून उतरलो. माझ्या खांद्यावर दप्तर होतं, त्यात भूगोलाचं पुस्तक, कंपासपेटी आणि धुवायचा राहिलेला डबा, बाकी सगळं घरीच राहिलं होतं. आतल्या मॅडमनी रजिस्टरमध्ये आईचं नाव, वय, पत्ता, काय झालं ते सगळं नीट लिहून घेतलं आणि आमच्यासाठी एका रकान्यात लिहिलं, "सोबत मुले – २". मी कितवीत आहे हे मला कोणीतरी पहिल्यांदा विचारलं तो नववा दिवस होता. त्या बाई स्वयंपाकाला यायच्या.

आता सात वर्षं झाली मी दर रविवारी अशाच एका ठिकाणी जाते, घरातल्या मारहाणीतून निघून आईसोबत आलेल्या तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींसोबत बसते. नवीन व्हॉलंटियर येतात, नवीन लागलेल्या केअरटेकर ताई येतात, मनापासून काम करायचं असतं पण कुठून सुरू करू ते समजत नाही, म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवते. लहान मुलांसाठी खेळणी येतात, आयांसाठी समुपदेशक असतात, पण या मधल्या वयाच्या पोट्ट्यांना कोणी काही विचारतच नाही, त्यांच्याबद्दल सगळं ठरतं ते त्यांच्या डोक्यावरून. खाली जे जे लिहिलंय त्या प्रत्येक ठिकाणी त्यांना आधी विचारायचं, मग ठरवायचं, एवढं धरूनच वाचा. (ज्यांचे किस्से सांगितलेत त्यांची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.)

१. आधी कोणत्या प्रकारच्या ठिकाणी जाताय ते बघा

सखी वन स्टॉप सेंटर हे तातडीचं ठिकाण, तिथला मुक्काम साधारण पाच दिवसांचा. शक्ती सदन म्हणजे लांबचा मुक्काम, जुने लोक अजूनही त्याला स्वाधारच म्हणतात. याशिवाय काही संस्थांची स्वतःची घरं असतात, त्यांचे नियम वेगळे. पाच दिवसांच्या ठिकाणी तुम्ही अभ्यासाचा टाइमटेबल करत बसू नका. तिथे लागतं ते म्हणजे झोप, मापाचे कपडे, मुलींसाठी पॅड (न मागता, पिशवीत घालून, सगळ्यांसमोर नाही), चार्जर, आणि फोनची सेटिंग. शाळा, कागद, क्लास हे सगळं लांबच्या मुक्कामाचं काम.

तुमचे स्वतःचे कागद तयार ठेवा:
- आधारची कॉपी आणि दोन फोटो
- पोलीस व्हेरिफिकेशन, म्हणजे चारित्र्य पडताळणीचा दाखला
- संस्थेकडून लेखी परवानगी, त्यात वार आणि वेळ लिहिलेली
- इथली कोणतीही माहिती बाहेर सांगणार नाही असं सही केलेलं हमीपत्र

संस्थेने व्हेरिफिकेशन मागितलं नाही तरी स्वतःहून द्या. मुलांच्या मध्ये एकटं बसायला मिळणारा माणूस तपासलेला असायलाच पाहिजे, तो तुम्ही असाल तरी. आणि बंद दाराआड एकटं बसू नका, व्हरांड्यात किंवा दार उघडं असलेल्या खोलीत बसा, ते तुमच्याही भल्याचं आहे.

पत्ता कोणालाही सांगायचा नाही, घरच्यांनाही नाही. ऑटो किंवा कॅब गेटपर्यंत नेऊ नका, चौकात उतरा आणि पायी जा. व्हॉट्सॲपवर "आज अमुक ठिकाणी मुलांसोबत छान वेळ गेला" असलं स्टेटस नको.

फोटोचं इथेच सांगून टाकते. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापता किंवा पसरवता येत नाही. तरी लोक वाढदिवस घेऊन येतात, वडिलांच्या श्राद्धाचं जेवण घेऊन येतात, जेवण देतात ते चांगलंच आहे पण मग म्हणतात चला एक ग्रुप फोटो. मी पंधरा वर्षांची असताना एका पाहुण्यांच्या केकमागे उभी राहिले होते, मला खाली मान घालायची होती आणि मागून कोणीतरी म्हणालं "स्माईल दे ना बेटा". पाठमोरा फोटोही नको, त्या वयाच्या मुलीला तिची वेणी आणि तिचा ड्रेस ओळखणाऱ्या मैत्रिणी असतात.

२. पहिले दोन-तीन रविवार घरच्याबद्दल काही विचारू नका

"काय झालं होतं घरी?" हा प्रश्न तुमचा नाही. पोलिसांनी विचारलेला असतो, संरक्षण अधिकाऱ्यांनी (कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस बघणारे सरकारी अधिकारी) विचारलेला असतो, समुपदेशकांनी विचारलेला असतो, बाजूच्या पलंगावरच्या मावशींनीही विचारलेला असतो. तुम्ही कॅरम घेऊन बसा, भाजी निवडायला बसा, कोणाला गणित अडलंय का बघा. बोलणं आपोआप येतं, आणि नाही आलं तरी चालतं.

स्वतःची ओळख देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा. तुम्ही कोण, कोणत्या दिवशी किती ते किती येणार, आणि किती महिने येणार. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मला एका पोट्टीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "काहून आले तुम्ही? किती दिवस येऊन राहणार?" माझ्या आधी तीन ताया आल्या होत्या आणि कोणीही जाताना सांगून गेली नव्हती. तीनच महिने जमणार असेल तर तीनच म्हणा, आणि यायचं जमलं नाही तर आदल्या दिवशी ऑफिसात फोन करून निरोप द्या. या मुलांच्या घरात मोठ्या माणसाचा शब्द रोज मोडलेला असतो, त्यामुळे तुमचा रविवार चुकला तर त्यांना आश्चर्य वाटत नाही, ते नुसते गप्प होतात.

आणि "तू मला काहीही सांग, मी कोणालाच सांगणार नाही" हे वाक्य कधीही म्हणू नका. खोटं वचन आहे ते. पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवल्यास शिक्षा आहे. यात बाप, काका, शेजारी येतातच, पण सतरा वर्षांच्या मुलीचे तिच्या मर्जीने बॉयफ्रेंडशी संबंध आलेले असतील तरी कायद्याच्या नजरेत ते याच कायद्याखाली येतं. म्हणून सुरुवातीलाच सांगा: "तुझं बोलणं मी माझ्याजवळच ठेवीन, पण तुझ्या जिवाला किंवा शरीराला धोका आहे असं कळलं तर मला मॅडमना सांगावं लागेल, आणि सांगायच्या आधी मी तुला सांगेन." मी हे असंच म्हणते, शब्द न बदलता. ऐकून मुलं लांब जातील अशी भीती मला आधी होती पण तसं झालं नाही, उलट कुठे थांबायचं हे त्यांच्या हातात राहतं.

३. फोन: पहिल्याच दिवशीचं काम

आईकडे साधा फोन असतो आणि मुलाकडे स्मार्टफोन, हे हल्ली फार दिसतं. म्हणजे आश्रयगृहाचा पत्ता आईमुळे नाही तर मुलाच्या फोनमुळे फुटतो. यात मुलाची काही चूक नसते, त्याला माहीतच नसतं.

फोन हिसकावून घेऊ नका. तो त्याचा उरलेला एकमेव कोपरा आहे, मित्र तिथेच आहेत. सोबत बसा आणि त्याच्याच हाताने हे करवून घ्या:

- गुगल अकाउंट कोणी बनवलं होतं ते विचारा. पासवर्ड बापाला माहीत असेल तर फोन कुठे आहे ते त्याला घरबसल्या दिसतं. नवीन अकाउंट काढा, जुन्यातून बाहेर पडा. फॅमिली लिंक, म्हणजे पालकांना मुलाच्या फोनवर लक्ष ठेवू देणारं गुगलचं ॲप, लावलेलं आहे का तेही बघा.
- व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हाइसमध्ये घरचा लॅपटॉप किंवा दुसरा फोन जोडलेला आहे का बघा.
- स्नॅपचॅटचा मॅप, इन्स्टाचं लोकेशन, व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन, सगळं बंद.
- गेमची फ्रेंड लिस्ट. इथे भले भले फसतात. चुलतभाऊ त्याच स्क्वॉडमध्ये असतो आणि खेळता खेळता विचारतो "कुठे आहे बे तू?"
- सिम कोणाच्या नावावर आहे? बापाच्या नावावर असेल तर तो ते बंद करू शकतो, डुप्लिकेट काढून ओटीपीही घेऊ शकतो. आईच्या नावाने नवीन सिम घ्या.
- शाळेच्या ॲपवर आणि शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाचा नंबर आहे ते बघा.

हे सगळं करताना कारण सांगा. "नियम आहे" म्हणून सांगितलं की मुलं रात्री चादरीखाली परत चालू करतात. "तुझा बाप गेटवर आला तर तुझ्यासोबत इथल्या अजून पंधरा बायकांना घर बदलावं लागेल" हे खरं कारण आहे, आणि तेरा वर्षांचं पोट्टंही ते समजू शकतं, फक्त घाबरवायच्या सुरात सांगू नका.

मुलाने बापाला फोन केलाच, तर? रागावू नका. आधी काय काय सांगितलं ते शांतपणे विचारा आणि अधीक्षिकांना, म्हणजे आश्रयगृहाच्या मुख्य मॅडमना, लगेच कळवा. एका मुलाने फक्त एवढंच सांगितलं होतं की खिडकीतून मेट्रो दिसते. तेवढ्यावरून आश्रयगृह सापडलं नाही, पण आम्ही सगळे दोन रात्री झोपलो नाही, तो मुलगा तर अजिबातच नाही.

४. कागदपत्रांची फाईल, मुलाच्या स्वतःच्या नावाची

बाजारातून एक प्लास्टिकची फाईल आणा आणि तिच्यावर मुलाचं किंवा मुलीचं नाव लिहा. आईच्या फाईलमध्ये मुलांचे कागद कोंबू नका. पुढे मुलगा दुसरीकडे गेला की याच कागदांसाठी सगळे धावतात.

फाईलमध्ये काय काय हवं:
- जन्म दाखला
- आधार
- शाळेचा दाखला म्हणजे टीसी, नसेल तर बोनाफाईड
- मागच्या दोन वर्षांच्या मार्कशीट
- जातीचा दाखला, असेल तर
- बँक पासबुक
- डॉक्टरांचे कागद, चष्म्याचा नंबर, चालू गोळ्या
- संरक्षण अधिकाऱ्यांनी केलेल्या घरगुती घटना अहवालाची आणि कोर्टाच्या ऑर्डरची कॉपी

घरून काहीच आणलं नसेल तर घाबरू नका. कागद आणायला म्हणून आईने किंवा मुलाने एकट्याने घरी जायचं नाही, कितीही "बाबा दुपारी घरी नसतात" म्हटलं तरी. पोलीस सोबत घेऊन जाता येतं, भरोसा सेलला (पोलिसांचा महिला-मुलांसाठीचा मदत कक्ष) बोलता येतं, किंवा संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत कोर्टाकडे सामान आणि कागद परत मागता येतात. जन्म नागपुरातला असेल तर दाखला महानगरपालिकेच्या झोन ऑफिसातून पुन्हा निघतो. दहावी-बारावीची डुप्लिकेट मार्कशीट नागपूर विभागीय मंडळातून मिळते.

आधारला बापाचा नंबर जोडलेला असतो, मग प्रत्येक ओटीपी बापाकडे जातो आणि कुठे काय अर्ज चाललाय ते त्याला कळतं. आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन नंबर बदलता येतो, जुन्या नंबरचा ओटीपी लागत नाही. तसंही पंधराव्या वर्षी बायोमेट्रिक अपडेट करावंच लागतं, दोन्ही कामं एकाच चकरेत करा.

जातीच्या दाखल्याचं अवघड आहे. तो सहसा बापाच्या बाजूच्या कागदांवरून काढतात आणि आत्या-काका ते देत नाहीत. ऐन ॲडमिशनच्या वेळी यावर अडून बसण्यापेक्षा आधीच सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे महिला आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात तसं लिहिलंय. फोनवर विचारायचं असेल तर १५१००.

५. शाळा

शाळा बदलायची की तीच ठेवायची हा प्रश्न आईला विचारतात, मुलीला नाही. दहावीला असलेल्या मुलीची शाळा जानेवारीत बदलली तर तिचं काय होतं ते मी भोगलेलं आहे, माझं ते नववीचं वर्ष होतं तरी भूगोल सोडून एकही विषय धड गेला नाही. बोर्डाचा फॉर्म जुन्या शाळेतून भरलेला असेल तर शक्यतो तीच शाळा ठेवा आणि जाण्या-येण्याची सुरक्षितता बघा.

कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ च्या कलम १८ मध्ये मॅजिस्ट्रेट सामनेवाल्याला, म्हणजे इथे बापाला, मुलाच्या शाळेत जायला बंदी करू शकतात. वकील बहुतेक वेळा आईपुरतं मागतात, मुलाची शाळा अर्जात लिहायची राहून जाते. तुम्ही आठवण करून द्या. ऑर्डर मिळाली की तिची कॉपी मुख्याध्यापकांना हातात द्या, वॉचमनला बापाचा फोटो दाखवा आणि मुलाला कोण न्यायला येऊ शकतं त्यांची नावं लेखी द्या. क्लास टीचरला एवढंच सांगा की घरची अडचण आहे. बाकी काय सांगायचं ते मुलीला विचारून. स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत आहे हे कळल्यावर एका मुलीने शाळाच सोडली होती.

शाळा बदलावीच लागली तर आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायदा २००९ आहे, टीसी नाही म्हणून ॲडमिशन अडवता येत नाही. नववीपासून पुढे मात्र मुख्याध्यापकांना भेटून, संस्थेचं पत्र देऊन करावं लागतं, तिथे तुम्ही सोबत गेलात तर फार फरक पडतो. नवीन शाळा ऑनलाइन ट्रान्सफरची रिक्वेस्ट टाकते ती जुन्या शाळेकडे जाते, तिथे नवीन शाळेचं नाव दिसतं, आणि जुन्या शाळेत बापाची ओळख असते. म्हणून रिक्वेस्ट टाकायच्या आधी जुन्या मुख्याध्यापकांशी अधीक्षिकांनी बोलायचं.

वर्ष बुडालंच तर १७ नंबरच्या फॉर्मने बाहेरून दहावी-बारावी देता येते. आयटीआय आहे. पोट्ट्यांना वाटतं एक वर्ष गेलं म्हणजे सगळं गेलं, त्यांना हे दोन-तीन रस्ते कागदावर काढून दाखवा.

आश्रयगृहात अभ्यासाला जागा नसते, एका खोलीत आठ पलंग, एक टीव्ही, दोन रडणारी बाळं. मॅडमना विनंती करून ऑफिस संध्याकाळी सहानंतर अभ्यासाला उघडून घ्या, आम्ही तसं केलं. एप्रिल-मे मध्ये नागपूरच्या उन्हात पत्र्याखाली बसून कोणी वाचत नाही, दान द्यायला कोणी विचारलं तर बिस्किटांपेक्षा कूलर मागा. आणि मोठी मुलगी संध्याकाळी लहान भावंडं सांभाळत बसलेली दिसेल, सगळे तिचं कौतुक करत असतील "किती गुणाची आहे" म्हणून. तिला दोन तास मोकळे काढून द्या.

६. मुलगा असेल तर: याची तयारी आधीच करा

हा भाग मी सगळ्यात सावकाश लिहून राहिले.

मुलींना आईसोबत राहता येतं. मुलग्यांना सरकारी योजनेच्या ठिकाणी वयाची अट आहे (संस्थांच्या स्वतःच्या घरांचे नियम वेगळे). जुन्या स्वाधार योजनेत ८ वर्षांपर्यंत होती, आता मिशन शक्तीत, म्हणजे शक्ती सदन ज्यात येतं त्या सरकारी योजनेत, १२ वर्षांपर्यंत आहे. त्यापेक्षा मोठा मुलगा असेल तर त्याला बाल कल्याण समितीसमोर (मुलाला कुठे ठेवायचं ते ठरवणारी जिल्ह्याची समिती) नेतात आणि तिथून बालगृहात. माझा भाऊ अकरा वर्षांचा होता, तेव्हाच्या नियमात बसत नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला गाडीत बसवलं. त्याला सांगितलं होतं "शाळेत ॲडमिशनला जाऊन राहिलोय". तो आजही, दुकान चालवणारा मोठा माणूस झाला तरी, कुठे जायचं म्हटलं की तीनदा विचारतो, नक्की तिथेच ना?

म्हणून खोटं सांगू नका. मुलाला आदल्या दिवशी खरं सांगा: नियम काय आहे, तू काही चुकीचं केलं म्हणून नाही, कुठे जाणार, आई कधी भेटणार, फोन कधी करता येणार. तारीख आणि वार कागदावर लिहून त्याच्या खिशात द्या. त्याची बॅग त्याला स्वतः भरू द्या.

समितीसमोर जायच्या आधी आईसोबत बसून या गोष्टी लेखी मागा: नागपुरातलंच बालगृह, तीच शाळा जमत असेल तर तीच, दोन भाऊ असतील तर दोघं एकत्र, आणि आईशी ठरलेल्या दिवशी भेट. समितीला मुलाचं म्हणणं ऐकायचं असतं, त्यामुळे त्याला काय हवंय ते त्याने स्वतः बोलावं, तुम्ही फक्त आधी बोलून धीर द्या, पढवू नका.

बालगृहाशिवाय दुसरे रस्तेही बघा. मामा, आजी, मावशी ठेवायला तयार असतील तर त्यांच्याकडे, आणि त्यासाठी बालसंगोपन योजना आहे. सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची ही योजना, २०२३ पासून मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. वेळ लागतो, पण पोच घ्या आणि पाठपुरावा सोडू नका. आठवीच्या पुढे असेल तर समाजकल्याणची सरकारी वसतिगृहंही आहेत, तिथे ॲडमिशन सत्राच्या सुरुवातीला होते आणि जातीचा दाखला लागतो, म्हणून फाईलचं काम आधी.

मोठा मुलगा कधीकधी आईवर ओरडतो, अगदी बापाच्याच शब्दात. आजूबाजूच्या बाया लगेच म्हणतात, बापावर गेला. हे वाक्य तुमच्या कानावर आलं तर तिथेच थांबवा. त्याला बाजूला घेऊन सांगा की राग आला ते समजलं, पण आईला असं बोललेलं इथे चालणार नाही. एवढंच, लेक्चर नको. आणि त्याला अंगमेहनतीचं काहीतरी द्या, फुटबॉल, सायकल, पाण्याचे कॅन उचलायचं काम. घाम गेला की तो बोलतो.

७. बापाबद्दल बोलताना

बापाला शिव्या देऊ नका. मुलांना बाप आठवतो. मला आमचे बाबा तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून द्यायचे ते आठवायचं, आणि आठवलं की लाज वाटायची, कारण आईच्या कपाळावरचे टाके मी रोज बघत होते. दोन्ही एकाच माणसाचं होतं. कोणी मला म्हणालं असतं की दोन्ही आठवलं तरी चालतं, तर मी कितीतरी रात्री शांत झोपले असते.

"तुला आई पाहिजे की बाबा?" असं गमतीतही विचारू नका. कोर्टात काय बोलायचं ते शिकवू नका, कस्टडीच्या केसमध्ये जज मुलांशी स्वतः बोलतात आणि पढवलेलं त्यांना लगेच कळतं. आईचे निरोप मुलीच्या हातून वकिलाकडे पाठवू नका.

नातेवाईक सोळा-सतराच्या मुलीसाठी एक उपाय घेऊन येतात: लग्न. "एक ओझं कमी होईल". आईही थकलेली असते, हो म्हणून बसते. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ मध्ये अठरा पूर्ण झाल्याशिवाय मुलीचं लग्न लावता येत नाही, लावणाऱ्याला शिक्षा आहे. कानावर आलं की अधीक्षिका आणि १०९८. आईला आधी समजवा, तिला गुन्हेगार ठरवून सुरुवात करू नका.

८. कधी डॉक्टरकडे न्यायचं

चिडचिड, दिवसभर झोप, जेवण कमी, एवढं सुरुवातीला चालतं. पण आठवड्यांमागून आठवडे झोपच नाही, हातावर कापल्याच्या खुणा आणि म्हणून मे महिन्यातही पूर्ण बाह्या, आपल्या वस्तू वाटून टाकणं, "मी नसले तर आईचं सोपं होईल" असली वाक्यं, हे दिसलं तर त्याच दिवशी सांगा, पुढच्या रविवारची वाट बघू नका. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. मुलीला स्पष्ट विचारलं, "मरून जावं असं वाटतं का?" तर तिच्या डोक्यात तो विचार घुसत नाही, उलट तिला हायसं वाटतं. विचारून झाल्यावर तिला एकटं सोडू नका.

९. आई परत जायचं म्हणते तेव्हा

असं होतं, आणि बरेचदा होतं. पैसे नसतात, माहेरचे ठेवत नाहीत, नवरा माफी मागतो. तुम्हाला राग येईल, मुलीला त्याहून जास्त येईल. आईवर नाराजी दाखवू नका, ती नाराजी दिसली तर पुढच्या वेळी ती या गेटपाशी परत येणार नाही.

मुलीसोबत बसून जायच्या आधी एवढं करा:
- नंबर पाठ करून घ्या, फोनमध्ये सेव्ह नको: ११२ पोलीस, १८१ महिला हेल्पलाइन, १०९८ मुलांसाठी, आणि इथल्या ऑफिसचा.
- शेजारचं एक घर ठरवा जिथे रात्रीही दार वाजवता येईल.
- मारहाण चालू असताना मध्ये पडायचं नाही, लहान भावंडांना घेऊन बाहेर निघायचं. स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये लपायचं नाही, तिथून दुसरा रस्ता नसतो.
- एक साधा कोडवर्ड. एका मुलीने ठरवला होता "गणिताची वही राहिली". असा मेसेज आला की आम्ही फोन करायचा.
- फाईलमधल्या सगळ्या कागदांचे झेरॉक्स संस्थेकडे ठेवा आणि मूळ फाईल घरी न नेता मामाकडे किंवा शाळेत ठेवता येते का ते तिला विचारा.

त्या मुलीचा मेसेज चार महिन्यांनी आला, शनिवारी रात्री सव्वाअकराला. तिचा पलंग तेव्हा दुसऱ्या कोणाला दिलेला होता, म्हणून आम्ही ऑफिसमध्ये गादी टाकली. रजिस्टर तिने स्वतः माझ्याकडून मागून घेतलं आणि आईच्या नावाखाली आपलं नाव, वय, "दहावी, सेमी इंग्लिश" असं लिहिलं.